पद्मिनी स्टार्ट घेत नाही? पाना उचलण्याआधी कान द्या

गेल्या पावसाळ्यात सकाळी सात वाजता खानापूरहून एका काकांचा फोन. "अवो, गाडी चालूच होईना की! रात्री चांगली आणून लावलेली. कुणी मेस्त्री पाठवता काय तिकडनं?"

मी विचारलं, "सेल्फ मारल्यावर काय होतंय?"

"काय होतंय म्हणजे? चालू होईना झालीय!"

डॉक्टरांसमोर बसून "बरं वाटत नाही" एवढंच सांगावं, तसं हे उत्तर. मी म्हटलं, काका, फोन बॉनेटजवळ धरा आणि काकूंना सेल्फ मारायला सांगा. फोनमधून खुर्र-खुर्र-खुर्र असा दमदार आवाज आला. इंजिन झकास फिरत होतं, फक्त पेटत नव्हतं. बाहेर रात्रभर खानापूरचा पाऊस, आणि गाडी पत्र्याच्या शेडखाली. "डिस्ट्रिब्यूटरची, म्हणजे चारी प्लगना करंट वाटणाऱ्या डबीची, कॅप काढा, आतून-बाहेरून कोरड्या धडप्यानं पुसा, आतला फिरता रोटर पुसा, वायरी पुसा आणि परत लावा," असं सांगून मी चहा घ्यायला बसलो. कप रिकामा व्हायच्या आत गाडीचा आवाज ऐकवायला काकांचाच फोन आला.

यात माझी हुशारी काही नाही. स्टार्ट न होणाऱ्या गाडीचे दोनच प्रकार असतात: इंजिन फिरतच नाही, किंवा फिरतं पण पेटत नाही. लग्नाला नवरदेवच आला नाही आणि नवरदेव आला पण भटजी आले नाहीत, या जितक्या वेगळ्या अडचणी, तितक्याच या दोन वेगळ्या. पहिल्या प्रकारात बॅटरी, केबल आणि सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, एवढंच बघायचं. दुसऱ्यात करंट आणि पेट्रोल. हा एक प्रश्न स्वतःला न विचारता लोक थेट पार्ट बदलायला लागतात आणि खिसा रिकामा होतो.

हे सगळं मी आमच्या पद्मिनीवरून सांगतोय. आमच्या बेळगाव भागात तिला अजून 'फियाट'च म्हणतात, आणि ते चूकही नाही. फियाट ११०० चं हे भारतीय रूप मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायचं. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही याच जातकुळीतलं, त्यामुळे खालचं बहुतेक सगळं तिलाही लागू पडतं.

फिरतच नाही

आधी हेडलाइट लावा आणि लाइट चालू ठेवूनच सेल्फ मारा. समोर भिंत असेल तर उत्तम, उजेड नीट दिसतो. लाइट पार मेला तर बॅटरी उतरली आहे किंवा कुठलातरी जोड खराब आहे. लाइट ढिम्म हलला नाही आणि आवाजही नाही, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही: स्विच, सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा विजेचा खटका) किंवा तिथली वायर. लाइट थोडा मंदावला आणि 'टक' होऊन थांबलं, तर सेल्फ अडकला असेल किंवा त्याचे कार्बन झिजले असतील. अडकलेल्या सेल्फला जुना उपाय आहे. किल्ली बंद ठेवून गाडी वरच्या गिअरमध्ये टाकायची, हँडब्रेक सोडायचा आणि गाडी मागे-पुढे हलवायची. दात सुटतात. एकदा सुटले म्हणून निश्चिंत मात्र राहू नका, पुन्हा अडकले तर फ्लायव्हीलचे दात बघून घ्या.

मीटर असेल तर अजून सोपं. रात्रभर उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरीत दम नाही. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. गाडीला बॅटरी भरणारा जुना डायनमो असेल तर हा शेवटचा आकडा इंजिन हळू चालताना मिळणार नाही. डायनमोला फेऱ्या लागतात. संध्याकाळी टिळकवाडीत रेल्वे गेट पडलेलं, हेडलाइट चालू, वायपर चालू, इंजिन संथ. अशा वेळी बॅटरी भरत नाही, उतरत असते. घरी पोचेपर्यंत कळत नाही, सकाळी कळतं.

आता माझ्या फजितीची गोष्ट, कारण या प्रकारातला सगळ्यात फसवा दोष मी त्यातूनच शिकलो.

एका उन्हाळ्यात निपाणीला नातेवाइकांकडे निघालो होतो. संकेश्वरच्या पुढे चहाला थांबलो आणि नंतर सेल्फ मारला तर 'घ्रर्र... घ्रर्र...' असा झोपेतला आवाज. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्यानं बॅटरी बदलायला लावली. दोन आठवड्यांत पुन्हा तेच. मग सेल्फ उतरवून नवे कार्बन, नवे बुश. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं अख्खा सेल्फच बदलायचा म्हटलं, तेव्हा मी गाडी ढकलत चालू करून बेळगावला आणली आणि अनगोळच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीकडे नेली.

त्यांनी काही उघडलंच नाही. मला सेल्फ मारायला लावला, स्वतः डॅशबोर्डखाली हात घालून चोकची, म्हणजे गार इंजिनला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढायच्या बटणाची, केबल चाचपली आणि म्हणाले, "हात लावून बघा की वो."

केबल गरम लागत होती. चोकची केबल! तिच्यातून तर करंट जायचाच नसतो.

झालं असं होतं. बॅटरीतून निघालेला करंट सेल्फ फिरवून परत बॅटरीकडे यायला हवा. इंजिन बसलेलं असतं रबराच्या माउंटिंगवर, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीनं तुटलेलं. त्यांना जोडणारी एक चपटी, विणलेल्या तारांची पट्टी असते, तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. आमची पट्टी बोल्टखाली पांढरी-हिरवी पडून जवळजवळ निकामी झाली होती. मग करंटनं परतीची दुसरी वाट शोधली: चोकची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची तार, जे मिळेल ते. मेस्त्रींनी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला लावलं. सेल्फ असा फिरला, जणू गाडी नवी आहे.

यामागचं गणित छोटंच आहे. सेल्फ इंजिन फिरवताना शे-दीडशे अँपिअर सहज ओढतो. जोडावर गंजाची नुसती पापुद्र्याएवढी झिलई आली आणि तिथे ०.०३ ओहमचा अडथळा झाला, तर १५० गुणिले ०.०३ म्हणजे साडेचार व्होल्ट त्या गंजातच जिरले. सेल्फच्या वाट्याला उरले सात-आठ. दिवा लावून तपासलं तर तो लख्ख पेटतो, कारण दिव्याला चार-पाच अँपिअरच लागतात. म्हणून 'लाइट तर मस्त आहे, म्हणजे बॅटरी ठीक' हे वाक्य अर्धंच खरं असतं.

तपासायचं असेल तर मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, म्हणजे तारेवर नाही तर खुंटीच्या शिशावर, आणि दुसरी इंजिनवर धरून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर परतीच्या वाटेत खोट आहे. उपाय फुकटातला: पट्टी काढा, पॉलिश पेपरनं चकचकीत करा, बोल्टखालचा रंग खरवडा, घट्ट आवळा. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं धुवा आणि वरून व्हॅसलीन. त्या दोन फेऱ्यांत माझे जितके पैसे गेले, तितक्यात नवे टायर आले असते.

फिरतं, पण पेटत नाही

इथे आधी करंट बघायचा, पेट्रोल नंतर. कारण करंट बघायला एक मिनिट लागतं.

एक प्लग काढा, त्याची वायर त्याला परत लावा, प्लगचं लोखंड इंजिनच्या रंग नसलेल्या भागाला टेकवून ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. प्लग हातात धरू नका, झटका चांगलाच बसतो. पेट्रोल आणि हवा जिथे मिसळतात त्या कार्बोरेटरजवळ आणि प्लगच्या उघड्या भोकाजवळही हे करू नका, सांडलेल्या पेट्रोलला ठिणगी पुरते. निळी, टचटच वाजणारी ठिणगी दिसली तर करंट आहे. पिवळट, मरतुकडी दिसली किंवा दिसलीच नाही, तर पुढचं वाचा.

बॅटरी बारा व्होल्टची, पण प्लगच्या फटीत ठिणगी पडायला हजारो व्होल्ट लागतात. हे काम कॉइल करते. कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक थोड्या वेढ्यांची आणि एक हजारो वेढ्यांची. पहिलीतून करंट वाहत असतो. तो अचानक तोडला की दुसरीत मोठा झटका तयार होतो. मोटेचा बैल जोरात ओढत असताना दोर तटकन तुटावा, तसा. हा 'अचानक' तोडणारा माणूस म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधला पॉइंट. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल तर हा पॉइंट मिनिटाला ६००० वेळा उघडतो आणि मिटतो. उघडताना त्याच्या तोंडावरच ठिणगी उडू नये म्हणून बाजूला कंडेन्सर असतो. कंडेन्सर गेला की पॉइंट जळतात आणि कॉइलचा झटका ढिला पडतो.

महिना-दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीत सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष म्हणजे पॉइंटच्या तोंडावर आलेली झिलई. डोळ्यांना दिसतही नाही. एक कोरं व्हिजिटिंग कार्ड घ्या, टोकाला थोडं पेट्रोल लावा, मिटलेल्या पॉइंटमधून दोन-तीनदा सरकवा. कार्डावर काळी रेघ उमटेल. मग कोरड्या कार्डानं पुन्हा. निम्म्या वेळा एवढ्यावरच काम होतं. पॉइंटवर एका बाजूला टेकडी आणि दुसरीकडे खड्डा झाला असेल तर घासत बसू नका, नवा सेट घाला आणि कंडेन्सरकडे संशयानं बघा. फट मेस्त्री लोक थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, सांगतात, 'पंधरा-अठरा थाऊ', म्हणजे साधारण ०.४ ते ०.४५ मिलिमीटर. प्लगची फट साधारण पंचवीस थाऊ.

आता पावसाची गोष्ट. जांबोटी, खानापूर, चंदगडकडच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर ही हवा म्हणजे पाण्याचीच एक जात. डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपमध्ये दव साचलं की करंट प्लगकडे न जाता ओल्या पृष्ठभागावरून सरळ लोखंडात उतरतो. खात्री करायची असेल तर अंधारात बॉनेट उघडून इंजिन फिरवा. कॅपवरून आणि जुन्या वायरींवरून निळ्या मुंग्या धावताना दिसतील. कॅपच्या आत पेन्सिलच्या रेघेसारखी बारीक काळी वाट पडलेली असेल तर पुसून भागत नाही, ती कॅप टाकून द्या. रोटरचंही तसंच, त्याला केसाएवढी चीर पडली की तो निम्मा करंट गिळतो. आणि उसाच्या शेताजवळ गाडी लावत असाल तर उंदरांना विसरू नका. तोडणी झाली की ते घराकडे येतात, आणि प्लगच्या वायरी त्यांना का आवडतात देव जाणे.

कॅपच्या वायरी काढताना एक-एक काढा, पुसा, लगेच लावा. चारही काढून मग 'कुठली कुठं होती' असं विचारणारे मी बरेच पाहिलेत, त्यात एकदा मीही होतो. या इंजिनमध्ये सिलिंडर पेटायचा क्रम १-३-४-२ आहे. दोन वायरींची अदलाबदल झाली तर गाडी कार्बोरेटरमधून फटाके उडवते आणि शेजारी खिडकीत येतात.

करंट आहे, मग पेट्रोल

कॉइलची मधली जाड वायर काढून लोखंडाला टेकवा, म्हणजे ठिणगी कुठे भलतीकडे उडणार नाही. कार्बोरेटरकडे येणारी पेट्रोलची नळी काढा, ती बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. पंप ठीक असेल तर सेकंदाला एखाद-दोनदा पेट्रोलची पिचकारी येते. येत नसेल तर टाकीपासून पंपापर्यंतची नळी, गाळणी आणि पंपाचा पडदा बघा. बहुतेक पंपांना खाली हातानं हलवायचा छोटा दांडा असतो. आठ-पंधरा दिवस गाडी उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं. मग लोक बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारत बसतात. त्याऐवजी तो दांडा पंचवीस-तीस वेळा हलवा, चोक ओढा आणि मग सेल्फ मारा.

उलट प्लग काढल्यावर ओलाचिंब आणि पेट्रोलच्या वासाचा निघाला, तर इंजिन ओव्हरफ्लो झालंय. चोकचं बटण पूर्ण आत ढकला, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा, पुन्हा पुन्हा दाबू नका, आणि आठ-दहा सेकंद सेल्फ. जास्तीचं पेट्रोल बाहेर जातं. नेहमीच असं होत असेल तर फ्लोटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीतल्या तरंगत्या डबीत, भोक पडलंय किंवा त्याच्या सुईखाली कचरा बसलाय.

आता इथेनॉल. हा विषय आमच्याइतका जवळचा कुणाला असेल? कर्नाटकात सगळ्यात जास्त साखर कारखाने बेळगाव जिल्ह्यात. अथणी, चिकोडी, गोकाककडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे आपण अर्धा-अर्धा तास रांगेत रखडतो, आणि त्याच उसाच्या मळीचं इथेनॉल फिरून आपल्या टाकीत येतं. फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळायला लागलं, आता बहुतेक पंपांवर तेच असतं.

पद्मिनीच्या काळात कुणी हे डोक्यात धरून रबर बनवलं नव्हतं. जुन्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलनं फुगतात, मऊ होतात, नंतर तडकतात. दुसरं, इथेनॉल टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं आणि तो गाळणीत आणून ठेवतं. तिसरं, ते पाणी शोषतं. निम्मी रिकामी टाकी, दमट हवा, दोन महिने उभी गाडी, असं झालं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळा थर करतात. पंप नेमका तळातूनच ओढतो. बाटलीत घेतलेल्या पेट्रोलमध्ये दोन थर दिसले तर टाकी रिकामी करण्याशिवाय पर्याय नाही. चौथं, इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर, मिश्रण पातळ होतं: हवा जास्त, पेट्रोल कमी. डिसेंबरच्या पहाटे थंडीत गाडी आधीच कुरकुरते, त्यात हे. चोक पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून घाबरू नका. जेट एका मापानं मोठा करायचा का, हे प्लगचा रंग बघून ठरवा. पांढरा फटक पडत असेल तर विचार करा, विटकरी असेल तर हात लावू नका.

माझं म्हणणं विचाराल तर: इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या आणि तसाच पडदा एकदा घालून टाका, पावसाळ्यात टाकी भरून ठेवा आणि पंधरवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा. नुसती जागेवर चालू करून बंद करण्याला अर्थ नाही. त्यानं बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साचतं.

गरम झाल्यावर रुसणारी

एप्रिलमध्ये गोव्याहून साखळीमार्गे चोर्ला घाट चढून या आणि कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमापाशी, चहाला गाडी बंद करा. दहा मिनिटांनी ती स्टार्ट घेणार नाही, आणि पाऊण तासानं काहीच न करता घेईल. लोक देवाचा चमत्कार म्हणतात. होतं असं की इंजिन बंद केल्यावर पंखाही थांबतो, बॉनेटखालची उष्णता वाढते, पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप पातळ पदार्थ ढकलायला बनलेला, वाफ त्याला ढकलता येत नाही. ओला धडपा पंपावर आणि नळीवर ठेवा, बॉनेट उघडं टाका.

पण कॉइल आणि कंडेन्सरही नेमके असेच वागतात: गरम झाले की मरतात, गार झाले की जिवंत. म्हणून गाडी रुसलेली असतानाच, गार व्हायची वाट न बघता, प्लगची ठिणगी बघा. ठिणगी असेल तर पेट्रोलची वाफ, नसेल तर कॉइल-कंडेन्सर. गाडी गार झाल्यावर गॅरेजला नेलीत तर मेस्त्रीला काहीच सापडणार नाही, कारण तेव्हा दोष नसतोच.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे आणि तरीही गाडी पेटत नाही, असं क्वचित होतं. तेव्हा टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हललंय का बघा, डिस्ट्रिब्यूटरचा क्लॅम्पचा बोल्ट ढिला असेल तर तो हळूच फिरतो. नाहीतर टॅपेट घट्ट बसून व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसतील. ते घरी बघायचं काम नाही.

माझ्या डिकीत एक जुना बिस्किटांचा डबा असतो. त्यात पॉइंटचा सेट, रोटर, दोन प्लग, हातभर वायर, एक कोरडा धडपा आणि दोन कंडेन्सर. त्यातला एक कंडेन्सर नवा नाही. तो गाडीतूनच काढलेला, चालू स्थितीतला, जुना आहे. आजकाल बाजारात मिळणारे काही नवे कंडेन्सर पहिल्याच घाटात दम तोडतात, म्हणून पॉइंट बदलताना चांगला चालणारा जुना कंडेन्सर मी फेकत नाही. मुंबईतून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात कायमच्या गेल्या. त्यांच्या भंगारातला असा एखादा जुना कंडेन्सर कुणी देऊ केला, तर मी अजूनही नव्याच्या किमतीत घेतो.